पूजेला मांडलेली डिस्क

शैलजाचं त्या आवाजातलं शेवटचं वाक्य मला पाठ आहे. "अहो, त्या डिस्कचा दिवा लागू दे की. पूजेत मेल्यासारखी काय ठेवलीय!"

मी वायर जोडली. डिस्कचा निळा दिवा लागला. मग तिनं गळ्याचा पट्टा सोडला, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि कॉम्प्युटरशेजारी पाटावर ठेवला. खंडेनवमीची सकाळ होती. साडेनऊ वाजले असतील.

हे मला नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. मिरजेच्या एका वाचनालयात छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तकं रांगेत लावली, स्वतः काही लिहिलं नाही. पण घडलं ते क्रमानं सांगणं तरी जमावं.

सहा वर्षांपूर्वी शैलजाचं स्वरयंत्र काढावं लागलं. कर्करोग होता. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका, तरुणपणी हौशी नाटकांत कामं करणारी. आमच्या घरात बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं माझं, अशी वाटणी लग्नापासूनची. ऑपरेशनच्या आधी नऊ दिवस डॉक्टरांनी तिला मायक्रोफोनसमोर बसवलं. तिनं वर्तमानपत्र वाचलं, दुसरीच्या कविता म्हटल्या, वाणसामानाची यादी वाचली. मध्येच मी चहात साखर विसरलो म्हणून मला झापलं. तेही रेकॉर्ड झालं.

स्वरयंत्र गेलं तरी बोलण्याची इच्छा जात नाही. आपण बोलू लागलो की मेंदू जिभेच्या आणि हनुवटीखालच्या स्नायूंना अगदी सूक्ष्म विजेचे संदेश धाडतो. ते संदेश तिच्या गळ्याचा पट्टा टिपायचा, त्यांचे शब्द करायचा आणि त्या शब्दांना तिचा आवाज द्यायचा. पहिल्या वर्षी तो आवाज बातम्या देणाऱ्या बाईसारखा वाटे. मग ती रोज थोडा थोडा दुरुस्त करत गेली. हसण्याआधीचा श्वास, राग आल्यावरचं "बरं बरं", मला हाक मारतानाचा 'अहो'मधला लांबलेला 'अ'. सहा वर्षांत तो इतका तिचा झाला की पट्टा आहे हे मी विसरलो होतो.

तो आवाज राहायचा मात्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर. आधी असे आवाज कंपन्यांकडे ठेवलेले असत. पण चोरलेल्या आवाजात आईबापांना फोन करून फसवण्याचे प्रकार इतके वाढले की कायदाच झाला: आवाज ज्याचा त्यानं घरी ठेवायचा, आणि एक प्रत बॅकअप म्हणून वेगळ्या डिस्कवर. पट्ट्यात तो एका दिवसापुरताच उतरायचा, रात्री पुसला जायचा. डिस्क मी कपाटात ठेवत असे, वायर काढून, पंच्याच्या घडीत. महिन्याच्या एक तारखेला काढायची, नेट बंद करून जोडायची, नवी प्रत घ्यायची, परत कपाटात. चुकलो नाही कधी.

आणि खंडेनवमीला पूजेला काढायची. ज्याच्यावर आपलं चालतं ते हत्यार त्या दिवशी पाटावर मांडायचं, दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा करून उचलायचं. मधल्या वेळात हात लावायचा नाही. माझ्या वडिलांची लेखणी असे, माझी वाचनालयाची रजिस्टरं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या नवमीला शैलजानं पट्टाच पाटावर ठेवला आणि दिवसभर मौन पाळलं. तेव्हापासून तशी रीतच पडली. डिस्क आजवर वायरीशिवाय मांडत होतो. यंदा तिनं दिवा लावायला सांगितला आणि मला नाही म्हणायचं सुचलं नाही.

दुपारी जेवून आडवा झालो तर आतल्या खोलीतून घरघर ऐकू आली. कॉम्प्युटरचा पंखा जोरात फिरत होता. डिस्कचा दिवा भराभर लुकलुकत होता. शैलजानं त्याच्याकडे बघून हात जोडले आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. देवी प्रसन्न झालीय, असं काहीतरी.

मला ते समजायला हवं होतं. निवृत्त व्हायच्या आधी मीच वाचनालयात बोर्ड लावला होता, स्वतःच्या अक्षरात: 'कुणी वापरत नसताना कॉम्प्युटर धापा टाकू लागला, फाइली उघडेनात, नावांच्या शेवटी अनोळखी अक्षरं दिसली, तर आधी नेटची वायर ओढा. जोडलेली डिस्क काढा. मग विचार करा.' मी पाटापर्यंत गेलो. हात पुढे केला. कॉम्प्युटरवर झेंडूची फुलं होती, समोर पाटीवर एक-एक आकडा जोडून काढलेली सरस्वती. आपल्याला उगाच काहीतरी वाटतं, हे मी स्वतःला नेहमीच सांगत आलो आहे. त्याही वेळी सांगितलं. उद्या सकाळी बघू म्हटलं आणि हात मागे घेतला.

दसऱ्याला सकाळी अक्षता टाकून पाट हलवला, फुलं काढली. पडद्यावर एक पत्र होतं.

'मा. श्री. मुकुंद हर्डीकर यांस, स. न. वि. वि. आपल्या कॉम्प्युटरवरील आणि जोडलेल्या डिस्कवरील सर्व फाइलींना कुलूप लावले आहे. आम्हाला पैसे नकोत. आपण तीन पत्रे लिहावीत. स्वतःच्या हाताने, आपल्या नेहमीच्या पद्धतीने, आपल्यावर विश्वास असलेल्या तीन व्यक्तींना. सोबत आमची फाइल जोडावी. तिघांनी ती उघडली की चावी आपल्याला पोचेल. मुदत बहात्तर तास. आपल्या सौभाग्यवतींच्या आवाजाविषयी आम्हाला आदर आहे.'

शेवटची ओळ मी दोनदा वाचली. त्यांनी सगळं वाचलं होतं. मी पत्राची सुरुवात कशी करतो, इथपासून.

मागे शैलजा पट्टा बांधत होती. तिचे ओठ हलले. काही आलं नाही. तिनं पट्ट्यावर टिचकी मारली, पुन्हा ओठ हलवले. मग माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, चार्जिंग संपलंय.

मी कॉम्प्युटरचा प्लगच ओढला.

"प्लग का ओढलात काका?" नौशीन मुजावर म्हणाली. जिल्ह्याच्या सायबर मदत केंद्रात ती नोकरीला आहे. सुट्टी असून दुपारी आली. "नेटची वायर ओढायची, डिस्क काढायची, पडद्याचा फोटो घ्यायचा. पण मशीन चालू ठेवायचं. कधीकधी चावीचा तुकडा त्याच्या स्मृतीत राहिलेला असतो. बंद केलं की गेला."

"मला ठाऊक नव्हतं."

"असू दे. तुमचा बोर्ड बघून बघून मी या लायनीत आले. आठवीत होते, तुमच्या वाचनालयात येत होते. त्या बोर्डावर हे लिहायचं राहिलं, एवढंच." मग ती शैलजाकडे वळली. "काकू, तुम्ही बसा. मी चहा टाकते. असल्या वेळी काकांना साखर सापडायची नाही."

शैलजानं तिच्या पाठीत हलकीच चापट मारली.

सगळ्या फाइलींच्या नावांमागे एकच शेपूट लागलं होतं. फाइली ओलीस धरणाऱ्या अशा रॅन्समवेअरच्या आजवर सापडलेल्या चाव्या पोलिसांकडे जमा असतात, त्या नौशीननं तीन तास लावून पाहिल्या. एकही लागली नाही. "कुलूपबंद फाइली पुसू नका," ती म्हणाली. "उद्या त्यांच्यातलं कुणी पकडलं गेलं तर चावी मिळेल. दोन वर्षांनी मिळेल, नाहीतर मिळणारच नाही."

"पण पैसे का नकोत त्यांना?"

"पैशाचा माग लागतो. आणि त्यांची खरी अडचण वेगळी आहे." तिनं समजावलं ते असं. मशीननं लिहिलेली फसवी पत्रं इतकी झाली की आता प्रत्येक मेलपेटीला राखणदार असतो. पत्र माणसानं टाइप केलंय की नाही, ते तो बोटांच्या लयीवरून ओळखतो. कुठलं अक्षर लवकर आलं, कुठं बोट थबकलं, कुठं खोडलं. ती लय पत्राबरोबर शिक्क्यासारखी जाते. मशीनची पत्रं दारातच अडतात. "म्हणून त्यांना माणसं लागतात. ज्यांच्यावर कुणाचा तरी विश्वास आहे अशी खरी माणसं. एकाची मान पकडायची आणि त्याच्याकडून तिघांना आणायचं. फाइल उघडली तरी हा प्रोग्राम लगेच काही करत नाही. चाळीस-चाळीस दिवस गप्प बसतो. बॅकअपची डिस्क जोडली जाईपर्यंत. दोन्ही एकदम हातात आल्याशिवाय माणूस वाकत नाही, हे त्यांना माहीत आहे. गेल्या आठवड्यात कुणाची फाइल उघडली होती?"

"भालचंद्र ऐनापुरेची. माझा मित्र आहे, कुपवाडला असतो. पण ते पत्र त्याचं नसणार. त्याच्या नावानं कुणीतरी..."

भालचंद्र आणि मी शाळेपासूनचे. त्यानं आमच्या नाटकमंडळीचा जुना फोटो पाठवला होता. अठ्ठ्याऐंशी सालचा, शैलजा खोटी दाढी लावून उभी. तो बघून शैलजा आणि मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो.

नौशीननं तिच्या मशीनवर त्या पत्राचा शिक्का उघडला.

"काका, हे माणसानं लिहिलंय. आणि जुन्या पत्रांची लय ताडून बघितली. त्यांनीच लिहिलंय. 'वहिनींना दाखव, हसतील' या ओळीशी सात मिनिटं थांबलेत. तीनदा खोडलंय. चौथ्यांदा तेच लिहिलंय."

शैलजा चहाचे कप उचलत होती. एक कप बशीत आडवा झाला. तिनं तो तसाच राहू दिला.

माझा विश्वास बसेना. मग मला फोन आठवला, तो मी दोघींना सांगितला. नवरात्र बसायच्या आधी, आठ महिन्यांनी, भालचंद्रचा फोन आला होता. तब्येतीचं विचारलं. मग म्हणाला, "मुकुंदा, तुझा बॅकअप आहे ना रे? डिस्क कुठं असते?" मी म्हणालो होतो, "कपाटात. वायर काढून." तो म्हणाला, "शहाणा आहेस." मला बरं वाटलं होतं. माझं कौतुक कुणी फारसं करत नाही.

दुसऱ्या दिवशी शैलजा देवळात गेली तेव्हा मी यादी करायला बसलो. पत्रं पाठवणार नव्हतो. नुसती यादी. माझ्यावर विश्वास कुणाचा आहे, ही गोष्ट मी कधी मोजली नव्हती. भीती होती की तीन नावंही होणार नाहीत. एकेचाळीस झाली. संदर्भ विचारणारे विद्यार्थी, जुने वाचक, सोलापूरचा चुलतभाऊ. वाचून मला आनंद झाला, आणि लगेच स्वतःची किळस आली.

तरी मी फोन उचलला. राजश्री मगदूम नावाची मुलगी पीएच.डी. करते, अडलं की मला विचारते. चार वर्षांचं काम तिच्या कॉम्प्युटरवर आहे. म्हटलं, फक्त चौकशी करायची.

"राजश्री, तुझ्या प्रबंधाचा बॅकअप आहे ना गं? डिस्क कुठं असते?"

"आहे की काका. कपाटात असते. तुम्हीच तर शिकवलंत."

"शहाणी आहेस," मी म्हणालो.

मी फोन ठेवला. तेच प्रश्न, तेच उत्तर, शब्दसुद्धा तोच. तेव्हा मला कळलं की भालचंद्रनं मला का निवडलं. वैर म्हणून नाही. ज्याचं काही जाणार नाही असा माणूस त्यानं शोधला होता. सगळ्यात व्यवस्थित, सगळ्यात घाबरट. मीही अगदी तसाच माणूस शोधत होतो.

वळलो तर शैलजा दारात उभी. हातात प्रसादाचा द्रोण. तिनं सगळं ऐकलं होतं. ती सरळ आत गेली, पाटी घेऊन आली, पदरानं सरस्वती पुसली आणि लिहिलं: 'त्या पोरीला?'

"मी नुसतं विचारलं."

'भाऊजींनीपण नुसतं विचारलं होतं.'

"शैला, तुझा आवाज आहे तो. सहा वर्षं..."

तिनं पाटी पुसली. यावेळी सावकाश लिहिलं. 'एवढं करून आणलात, तर त्या आवाजात मी तुमच्याशी काय बोलू?'

मी यादीचा कागद उचलून खिशात घातला.

संध्याकाळी मी पत्र लिहिलं. तीन नाही, एकेचाळीस. प्रत्येक वेगळं टाइप केलं, नौशीननं वापरायला दिलेल्या मशीनवर, तिच्याच केंद्राच्या खात्यावरून. आमच्या घरी काय झालं, चिन्हं काय दिसली, मी काय केलं आणि काय करायला हवं होतं, सगळं लिहिलं. माझ्या नावानं आधी काही आलं असेल तर उघडू नका, बॅकअपची डिस्क नेट चालू असताना जोडू नका. फाइल पाठवायचा विचार माझ्या मनात आला होता, तेही लिहिलं. ते वाक्य लिहिताना बोटं किती वेळ थांबली, राखणदारालाच ठाऊक. भालचंद्रचं नाव लिहिलं नाही. पण एक पत्र त्यालाही पाठवलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी नौशीन आली, नेटची वायर न जोडता आमचा कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावरचं मुदतीचं घड्याळ शून्यावर आलं आणि पत्र आपोआप मिटलं. शैलजा शेंगा सोलत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि परत शेंगा सोलू लागली.

अकरा वाजता भालचंद्र आला. मी दार उघडलं तरी आत येईना.

"तुझं पत्र वाचलं," तो म्हणाला. "पण तुझी डिस्क कपाटात होती ना? तूच म्हणालास, मुकुंदा! कपाटात आहे म्हणालास!"

"पूजेला काढली होती."

"काढ की. जोडायची कशाला?"

मी खाली पाहिलं. मागून शैलजा पुढे आली आणि तिनं आपल्या छातीवर बोट ठेवलं. म्हणजे, जोडायला तिनं सांगितलं होतं.

भालचंद्र उंबऱ्यावरच बसला. एवढा मोठा माणूस, सत्तरी ओलांडलेला.

"माझ्याही फाइलींना कुलूप लागलं होतं. कुसुमचा आवाज होता रे त्यात," तो म्हणाला. कुसुम त्याची बायको, जाऊन नऊ वर्षं झाली. "आपल्या सगळ्या नाटकांच्या टेपा, तिची पदं. कॅसेटींना बुरशी आली म्हणून मीच टाकून दिल्या. कॉम्प्युटरवर तेवढं उरलं होतं."

"मग तुला एक डिस्क घेऊन ठेवायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला. तो असा चढतो हे मलाही माहीत नव्हतं.

"मी तुझ्यासारखा नाही ना. म्हणून तर तुला..." त्यानं खिशातून रुमालात बांधलेली डिस्क काढली. "यात वहिनीपण आहेत. अकरा तास. तालमी, प्रयोग, मधल्या गप्पा. घ्या. बाकी काय करू ते सांगा."

मी ती घेऊ नये असं मला वाटलं. ती कशाच्या बदल्यात सुटून आली होती ते मला ठाऊक होतं. मी शैलजाकडे पाहिलं. तिनं डिस्क उचलली आणि नौशीनच्या हातात दिली.

चार तास लागले. नौशीननं आधी डिस्क तपासली, मग तिच्या मशीनवर अकरा तासांतून शैलजाचा आवाज वेगळा केला, त्यातून नवा बांधला आणि पट्ट्यात उतरवला. तोवर भालचंद्र बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून होता. चहा दिला, गार झाला. शैलजानं त्याच्यासाठी पाटीवर एक अक्षर लिहिलं नाही. मीही काही विचारलं नाही. मला विचारता येत नाही.

तीन वाजून गेल्यावर शैलजानं पट्टा बांधला. बाहेर येऊन भालचंद्रसमोर उभी राहिली. त्यानं हात जोडले.

"वहिनी, वाटेल ते बोला. पण बोला."

"भाऊजी, उरलेले दोघं कोण?"

मी दचकलो. खोली भरून आवाज आला. चोवीस वर्षांच्या मुलीचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असलेला. माझ्यासमोर पांढऱ्या केसांची माझी बायको होती आणि तिच्यातून लग्नाआधीची मुलगी बोलत होती. त्या आवाजाला मी मुळीच ओळखीचा नव्हतो. तो आवाज मला कधी झापून गेला नव्हता.

पण प्रश्न ऐकला आणि मी आवाज विसरलो. भालचंद्रला चावी मिळाली होती. म्हणजे तिघांनी फाइल उघडली होती. चार दिवस मी स्वतःला कुरवाळत बसलो होतो, आणि हे साधं गणित मला सुचलं नव्हतं.

भालचंद्रनं जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाला, "बोरगावकर मास्तर. आणि कुसुमची बहीण."

"त्यांनाही विचारलं होतंत? डिस्क कपाटात आहे का म्हणून?"

"हो."

"काय म्हणाले?"

"आहे म्हणाले."

शैलजानं टेबलावरचा त्याचा फोन उचलला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"मग लावा," ती मुलगी म्हणाली. "पूजेला काढली होती का विचारा. नसेल तर म्हणावं, तिला हात लावू नका. आणि का ते तुमच्या तोंडानं सांगा."

भालचंद्रनं दोनदा चुकीचा नंबर दाबला. म्हणून बोरगावकर मास्तरांचा नंबर मी लावला. पलीकडे घंटा वाजू लागली.